हडसनवर गरवायला येणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळांचे कार्यकर्ते, वसंतातल्या सहली ठरवणारे, आणि एप्रिल लागला की गाडीत काठ्या टाकून हडसन नदीकाठी गळाने मासे धरायला येणारे आपण सर्व,

स.न.वि.वि.

मार्च सरत आला की ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते : हडसनला मासा आला का? मासा येतो, दरवर्षी येतो. त्याबद्दलच एक गोष्ट हंगाम सुरू होण्याआधी सांगायची आहे. एप्रिल-मेमध्ये तुमच्या गळाला लागणाऱ्या स्ट्राइप्ड बास या पट्टेदार माशांपैकी बरेचसे तुम्हाला परत पाण्यात सोडावे लागणार आहेत, तेही कायद्याने. तेव्हा सोडायची तयारी घरून निघतानाच करा. कोणता गळ लावायचा, कोणतं जाळं न्यायचं, पट्टी कुठे ठेवायची, मासा काठाशी आल्यावर कोणी काय धरायचं, हे आधी ठरलेलं असेल तर सोडलेला मासा जगतो. ठरलेलं नसेल तर तो शेपटी हलवत जातो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि काही तासांनी तो तळाशी मरून पडतो.

अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचा मत्स्य आयोग हिशेब मांडताना सोडलेल्या शंभर माशांमागे 9 मरतात असं धरतो. ही सरासरी आहे. थंड पाण्यात, जबड्याच्या कोपऱ्यात अडकलेला आणि लगेच सोडलेला मासा सहसा मरत नाही. कोमट गोड्या पाण्यात, घशात गळ गेलेला आणि गवतावर पाच मिनिटं लोळवलेला मासा सहसा जगत नाही. आयोगाच्याच आकड्यांप्रमाणे 2017 साली किनाऱ्यावर या जातीचे जेवढे मासे मेले, त्यात हौशी मंडळींनी घरी नेलेल्यांपेक्षा त्यांनी सोडल्यावर मेलेल्यांचा वाटा मोठा होता. म्हणजे "आम्ही तर सोडूनच देतो" एवढं म्हणून भागत नाही.

आधी मापं. जॉर्ज वॉशिंग्टन पुलापासून नदीच्या वरच्या अंगाला, न्यूयॉर्कच्या हद्दीत, 2024 पासून 23 ते 28 इंचांमधलाच स्ट्राइप्ड बास ठेवता येतो. माणशी दिवसाला एक. हंगाम 1 एप्रिल ते 30 नोव्हेंबर. पुलाच्या खालच्या अंगाला न्यूयॉर्कचं सागरी पाणी सुरू होतं. तिथे माप 28 ते 31 इंच आणि हंगाम 15 एप्रिल ते 15 डिसेंबर. न्यू जर्सीच्या काठावर न्यू जर्सीचा नियम : 28 ते 31 इंच, एक मासा. त्यामुळे 25 इंची मासा न्यूयॉर्कच्या पीकस्किलला ठेवता येतो, आणि तोच न्यू जर्सीत एजवॉटरच्या काठावर, वेगळा बोनस परवाना नसेल तर, सोडावा लागतो. सहलीत दोन गाड्या दोन काठांवर गेल्या की इथेच घोटाळा होतो. 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाने आपापल्या राज्याच्या सागरी मासेमारीच्या नोंदणीत नाव घातलेलं असावं. ती फुकट आहे आणि फोनवर होते.

माप घेताना तोंड मिटलेलं, मासा सपाट, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जुळवलेली. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायचं. शिवणकामाची टेप पोटावरून फिरवली तर माप एक-दीड इंचाने जास्त भरतं आणि 27 इंची मासा 28 च्या पुढे गेल्यासारखा वाटतो. अंगठ्याने शेपटी ताणली तरी असंच. सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे जाळ्याच्या दांडीवर 23 आणि 28 इंचांवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवणं. मासा पाण्यात, जाळ्यातच राहतो आणि दांडी शेजारी धरून एका नजरेत निर्णय होतो.

मोठा मासा सोडायचा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. आपल्याकडे मोठा मासा म्हणजे भाग्य, त्यामुळे तो येणारच. या जातीत फार मोठे मासे जवळजवळ सगळे मादीच असतात. सहा वर्षांची मादी साधारण पाच लाख अंडी घालते, पंधरा वर्षांची तीस लाखांच्या पुढे जाते. मासा तीस वर्षंही जगू शकतो. चेसापीक उपसागरात, जिथे या जातीची सगळ्यात मोठी पैदास होते, मेरिलँडच्या पाहणीत 2019 पासून सलग काही वर्षं पिलांची संख्या सरासरीच्या बरीच खाली राहिली. अशा काळात हडसनला वर चढलेल्या मादीची किंमत वाढते. 1980 च्या दशकात हा मासा किनाऱ्यावर इतका कमी झाला होता की 1984 मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्याच्यासाठी वेगळा कायदा केला आणि मेरिलँडने 1985 पासून पाच वर्षं मासेमारीच बंद ठेवली. मासा सावरल्याचं जाहीर व्हायला 1995 उजाडलं.

पेण-अलिबागकडच्या मंडळींना हे पटकन समजेल. आपला जिताडा खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात उतरतो. स्ट्रायपरचं, म्हणजे स्ट्राइप्ड बासचं, उलटं आहे. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. हडसनमध्ये पाणी 55 अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं की लगबग सुरू होते, 60 ते 65 च्या दरम्यान ती ऐन भरात असते. मेचा मध्य ते जूनची सुरुवात हा काळ धरा. अंडी पाण्यात अर्धवट तरंगतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात. तेवढा वेळ त्यांना वाहतं पाणी लागतं, नाहीतर ती तळाच्या गाळात बसून गुदमरतात. ट्रॉयच्या धरणापासून समुद्रापर्यंत दीडशे मैलांवर एकही बांध नाही, म्हणून ही नदी या माशाला मानवते. पावसाळ्यात आपले कोळी होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात उतरत नाहीत. इथे काठ बंद ठेवत नाहीत, अंडी घालणाऱ्या माशावरच गळ टाकायची मुभा देतात. ती मुभा जपून वापरायची आहे.

आता पाणी. हडसन ट्रॉयपर्यंत भरती-सुकतीची नदी आहे. मोहिकन लोक तिला दोन्हीकडे वाहणारी नदी म्हणत. खाडीवर वाढलेल्यांना वाटतं, भरती-सुकती आपल्याला शिकवायला नको. पण इथे एक फसगत आहे. मॅनहॅटनच्या टोकाला, बॅटरीला, पूर्ण भरती झाल्यावर ती लाट वर सरकत जाते. पोकिप्सीला ती काही तासांनी पोहोचते आणि ऑल्बनीला आणखी काही तासांनी. न्यूयॉर्क हार्बरचं वेळापत्रक पाहून किंग्स्टनला गेलात तर चुकीच्या पाण्यावर उभे राहाल. दुसरं असं की पाणी चढायचं थांबल्यावरही प्रवाह तासभर किंवा त्याहून जास्त वेळ वरच वाहत राहतो. मासा प्रवाहावर खातो, उंचीवर खात नाही. म्हणून उंचीचा तक्ता बाजूला ठेवा आणि तुमच्या ठिकाणाचा प्रवाहाचा तक्ता पाहा. प्रवाह फिरल्यानंतरचा पहिला दीड तास आणि फिरण्याआधीचा शेवटचा तास, हे दोन चांगले. पाणी अगदी थांबलं की चहा प्या. उधाणाच्या सुकतीला, त्यात वरून बर्फाचं पाणी उतरत असेल तर, शिसं तळाशी टिकत नाही आणि ओंडके वाहत येतात. नवख्यांना न्यायचं असेल तर भांगाचे दिवस निवडा.

उथळ खडकाळ पट्ट्याला लागून एकदम खोल होणारी कड, उपनदीचं मुख, जुन्या धक्क्याची सावली, अशा जागा धरा. एप्रिलच्या सुरुवातीला खालच्या अंगाला, हेव्हरस्ट्रॉ आणि क्रोटनच्या आसपास, महिना सरताना न्यूबर्ग-पोकिप्सीकडे, मेमध्ये किंग्स्टन आणि कॅट्सकिलपर्यंत. अर्थात पाणी किती थंड आहे त्यावर हे पुढेमागे होतं.

गळाबद्दल सविस्तर लिहितो, कारण मासा जगतो की मरतो हे बहुतेक वेळा इथेच ठरतं. 2021 पासून स्ट्राइप्ड बाससाठी जिवंत किंवा मेलेलं नैसर्गिक आमिष लावायचं असेल तर इनलाइन सर्कल हुकच लागतो. गळ टेबलावर आडवा ठेवून पाहा. टोक, बाक आणि दांडी तिन्ही टेबलाला टेकली तर तो इनलाइन. टोक एका बाजूला उचललेलं असेल तर तो ऑफसेट, तो चालत नाही. पाकिटावर नुसतं "सर्कल" लिहिलेलं पुरेसं नाही, दुकानात दोन्ही शेजारीशेजारी टांगलेले असतात. आमिष म्हणून हेरिंग माशाचा तुकडा लावलात तर 6/0 किंवा 7/0 मापाचा गळ, जिवंत हेरिंगला 8/0. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून मोडून टाका. स्टेनलेस स्टीलचा गळ घेऊ नका. साधा गळ आत राहिला तर गंजून जातो, स्टेनलेस तसाच राहतो.

हा गळ काम कसा करतो ते समजून घेतलं तर हात आपोआप आवरतो. त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. मासा आमिष गिळून वळतो, दोरा ताणला जातो आणि गळ घशातून काही न पकडता घसरत बाहेर येतो. जबड्याच्या कोपऱ्याशी आला की तिथल्या कडेवर फिरतो आणि टोक तिथे रुततं. या सगळ्याला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही सवयीने हिसका दिलात तर गळ कोपऱ्याशी फिरायच्या आत तोंडातून निघून येतो. मग ग्रुपवर तक्रार येते की हे नवे गळ कुचकामी आहेत. हिसका द्यायचाच नाही. काठी वाकू द्या, वाकलेली राहू द्या, मग रीळ सावकाश फिरवत दोरा ताणत राहा. काठी काठावरच्या स्टँडमध्ये लावली तर हा गळ स्वतःच बसतो. पण स्टँड पक्का रोवा आणि नजर काठीवर ठेवा, नाहीतर 20 पौंडांचा मासा काठीसकट नदीत जातो.

आमिष लावताना गळाचं टोक झाकू नका. हेरिंगचे आडवे तीन-चार तुकडे करा. डोक्याचा तुकडा सगळ्यात टिकाऊ. गळ एका कडेतून एकदाच पार करा आणि बाक पूर्ण मोकळा राहू द्या. बाकात मांस भरलेलं असेल तर जबडा आत शिरायला जागाच उरत नाही.

मांडणी साधी. 30 पौंडी विणलेल्या (ब्रेडेड) दोऱ्यावर सरकणारी प्लास्टिकची नळी, तिच्या क्लिपला शिसं, मग एक मणी, मग स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. स्विव्हलच्या पुढे गळापर्यंतचा दोरा, म्हणजे लीडर : 40 पौंडी तंगूस, 18 ते 24 इंच. बाजारात तयार मिळतात ते लीडर तीन-चार फुटी असतात. ते कापून आखूड करा, कारण लीडर जितका लांब तितका मासा कळायच्या आत आमिष खोल गिळतो. शिसं 3 औंसांपासून सुरू करा, तळाशी टेकून राहिलं की पुरे. जोराच्या सुकतीला 6 औंसही लागतात. मणी विसरलात तर नळी स्विव्हलच्या गाठीवर आपटून गाठ कुरतडते आणि नेमका चांगला मासा असताना दोरा तुटतो.

काठावरून 9 ते 10 फुटी काठी, होडीतून 7 फुटी, रीळ 5000 च्या आसपासचं. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, अंदाजाने ठेवू नका. विमानाच्या सामानाचा वजनकाटा प्रत्येकाच्या घरी आहे. तो दोऱ्याला अडकवून ओढा आणि 7-8 पौंडांना दोरा सुटेल असं बसवा. हलक्या काठीवर वीस मिनिटं खेळवण्यात मजा असेल, पण तेवढ्या वेळात माशाचं रक्त आम्लाने भरतं, आणि अंगाला जखम नसतानाही मासा दगावतो. तीन-चार मिनिटांत तो काठाशी यायला हवा.

काठाशी आल्यावर. जाळं रबराचं हवं. गाठींच्या नायलॉन जाळ्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, पर फाटतात, आणि काही दिवसांत तिथे बुरशी धरते. हात आधी ओले करा. मासा कोरड्या दगडावर, वाळूवर, होडीच्या तापलेल्या फळीवर ठेवू नका. स्ट्रायपरला चावणारे दात नसतात, खालच्या ओठात अंगठा घालून धरता येतो. सांभाळायचं ते कल्ल्याच्या झाकणाच्या धारदार कडेला आणि पाठीवरच्या काट्यांना. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. आकडी लावून मासा ओढायला तर बंदीच आहे. लांब नाकाची पक्कड खिशात हवी, बॅगेत नको. गळ दिसत असेल तर फिरवून काढा. दिसत नसेल, घशात असेल, तर ओढाताण न करता लीडर तोंडाशी कापा. गळ आत राहिलेला मासा जगू शकतो, गळाबरोबर आतडं ओढलं गेलेला नाही.

फोटो. ग्रुपचे ॲडमिन जे कोणी असतील त्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. ओठाला धरून उभा टांगलेला, 35-40 इंचांचा, अंड्यांनी फुगलेला मासा, आणि खाली "सोडून दिला" असं लिहिलेलं, असे फोटो दर रविवारी येतात. पाण्यात असताना त्या पोटाचं वजन पाणी पेलतं. उभं टांगलं की सगळा भार जबड्याच्या सांध्यावर आणि मणक्यावर येतो, आतले अवयव खाली ओढले जातात. फोटो हवाच असेल तर पाण्याच्या कडेला गुडघे टेका, मासा जाळ्यात पाण्यातच राहू द्या, फोन काढून तयार झाल्यावर एक हात ओठाला आणि दुसरा पोटाखाली घालून मासा आडवा उचला, आणि दहा मोजायच्या आत परत पाण्यात. स्वतःचा श्वास रोखून धरलात तर वेळेचा अंदाज चुकत नाही. उभे टांगलेले फोटो ग्रुपवर ठेवू नका, पुढच्या रविवारी नवखा तेच करतो.

सोडताना माशाचं तोंड प्रवाहाकडे करा आणि ओठ धरून शांत राहा. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढताना कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. त्याने ओठ घट्ट मिटून तुमचा अंगठा दाबला किंवा शेपटीचा जोरात फटका दिला की तो तयार आहे. फेकायचा तर कधीच नाही.

एक थर्मामीटर न्या. पाणी 70 अंश फॅरनहाइटला पोहोचलं की स्ट्राइप्ड बासवर गरवणं थांबवा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात सोडलेला मासा जास्त दगावतो. काही वर्षी मेच्या शेवटीच, एरवी जूनमध्ये ही वेळ येते.

आमिषाचा हेरिंग हाही पाहुणाच आहे, तोही अंडी घालायलाच वर येतो. हडसनवर माणशी दिवसाला 10, किंवा होडीमागे 50, यांतलं जे कमी ते. हंगाम 15 मार्च ते 15 जून. उपनद्यांत जाळं टाकायला बंदी आहे. त्यामुळे गावाकडून आणलेला पाग, म्हणजे फेकजाळं, ओढ्याच्या तोंडाशी फेकायचा मोह आवरा. बारीक गळांची साबिकी माळ वापरून ते मिळतात. जिवंत ठेवायचे तर गोल टाकी हवी. चौकोनी कूलरच्या कोपऱ्यांत ते नाक आपटून घेतात, खवले गळतात आणि अर्ध्या तासात उलटे होतात. 20 गॅलनला पाच-सहा, हवेचा पंप चालू, आणि पाणी नदीचंच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्यांना मारतो. हाती आलेला मासा शॅड तर नाही ना, हेही पाहा. हेरिंगचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, शॅडचा वरच्या जबड्याच्या खाचेत बसतो. शॅड, म्हणजे आपल्या पाला माशाचा इथला नातलग, हडसनवर 2010 पासून पूर्ण बंद आहे. त्याची गाबोळी कितीही प्रसिद्ध असली तरी लगेच सोडायचा.

कधी तळाशी जड, संथ ओढ लागेल आणि पाठीवर हाडांच्या ढाली असलेला, खाली तोंड असलेला लांबोडका मासा वर येईल. तो स्टर्जन. अटलांटिक आणि आखूडनाक्या अशा दोन्ही जाती संरक्षित आहेत. पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटोसाठीही नाही. काठाशी येताच दोरा तोंडाशी कापायचा. मुलांसाठी व्हाइट पर्च बरा. 2 नंबरचा छोटा गळ, रक्तकिड्याचा इंचभर तुकडा, दीड औंस शिसं. गळ तोही सर्कलच ठेवा, कारण त्याच आमिषावर लहान स्ट्रायपरही येतात. दोघे एकाच कुळातले. स्ट्रायपरच्या अंगावर सात-आठ काळ्या सलग रेघा, पर्च रुपेरी आणि पाठीला कुबड आल्यासारखा.

आता जेवणाचं. हा भाग घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. जनरल इलेक्ट्रिकच्या हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड इथल्या कारखान्यांतून 1947 ते 1977 या काळात पीसीबी हे रसायन नदीत गेलं. 1976 मध्ये हडसनवरचा स्ट्राइप्ड बासचा व्यापारी धंदा त्यापायी बंद झाला. 2009 ते 2015 मध्ये वरच्या भागातला गाळ उपसला, तरी रसायन संपलेलं नाही. ते पाण्यात विरत नाही, माशाच्या चरबीत साठतं. राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला असा : 50 वर्षांखालच्या स्त्रिया आणि 15 वर्षांखालची मुलं यांनी हडसनच्या या भागातला कुठलाच मासा खाऊ नये. इतरांनी कॅट्सकिलच्या रिप व्हॅन विंकल पुलाच्या खाली धरलेला स्ट्राइप्ड बास महिन्यातून एकदा, अर्धा पौंड. त्या पुलापासून वर ट्रॉयपर्यंतचा अजिबात नाही. चॅनल कॅटफिश कोणीच नाही.

म्हणजे सहलीच्या दिवशी एका माशाचं कालवण करून पंचवीस जणांना, त्यात गरोदर सुनेला आणि लहान मुलांना वाढणं हे थेट या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. चव कितीही चांगली असली, मासा कितीही ताजा असला तरी. पीसीबीला वास नाही, रंग नाही, आणि उकळल्याने ते जात नाही.

आपली पद्धत इथे अडचणीची आहे. आपण कातडीसकट आडव्या तुकड्या पाडतो, डोकं कालवणात टाकतो, पोटाकडचा चरबीचा भाग आवडीने घेतो. सगळी चरबी रश्शात उतरते आणि रस्सा भाताबरोबर पोटात. या माशापुरती ती पद्धत सोडा. मणक्याला लागून दोन्ही बाजू सोलून घ्या. कातडी खाली ठेवून सुरी आडवी सरकवा, कातडी काढून टाका. पोटाची पातळ झडप कापून फेका. पाठीच्या कडेची पांढरी चरबीची पट्टी काढा. मधोमध लांबीभर गडद तांबूस मांसाची पट्टी दिसेल. तिच्या दोन्ही बाजूंनी तिरका काप देऊन इंग्रजी व्ही आकारात ती उचलून टाका. उरलेलं पांढरं मांस जाळीवर भाजा, चरबी खाली ठिबकू द्या आणि ती टाकून द्या. तव्यावर तेलात तळलं तर ती तव्यातच राहते. मीठ, हळद, आलं-लसूण, कोकमाचं आगळ लावून जाळीवर भाजलेला हा मासा उत्तम लागतो. डोकं, गाबोळी, काळीज यांतलं काहीही ठेवू नका.

चिंबोऱ्यांचंही तसंच, फक्त तिथे आपल्याला जास्त जड जाईल. निळ्या खेकड्याच्या कवटीतला हिरवट-पिवळा मऊ भाग टाकून द्यायचा आणि ज्या पाण्यात खेकडा शिजला ते पाणीही टाकून द्यायचं, असं आरोग्य खातं सांगतं. त्या भागात पीसीबी आणि कॅडमियम दोन्ही असतात. म्हणजे इथल्या चिंबोऱ्यांचा रस्सा नाही. कवटी काढून, आतलं धुऊन, वेगळ्या पाण्यात उकडून, ते पाणी ओतून, नांग्यांतलं मांस सुक्या मसाल्यात. रस्सा हवा असेल तर बाजारातून दुसऱ्या पाण्यातले खेकडे आणा.

होडीवाल्यांना थोडक्यात. 1 नोव्हेंबर ते 1 मे या काळात 21 फुटांखालच्या होडीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, असा न्यूयॉर्कचा कायदा आहे. एप्रिलचं पाणी इतकं थंड असतं की पडल्यावर पहिल्याच मिनिटाला धाप लागते आणि पोहणाऱ्याचेही हात चालत नाहीत. नांगर नाळेवरूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरूनच टाका. मागून टाकला तर सुकतीत पाणी मागच्या काठावरून आत येतं. ऑल्बनीला जाणाऱ्या जहाजांच्या मार्गात नांगर नको, बार्ज थांबू शकत नाही.

मंडळांकडे मागणं फार नाही. दर पाच काठ्यांमागे एक रबरी जाळं, एक पक्कड, एक थर्मामीटर, आणि हे सगळं येणारा एक माणूस. सहलीच्या आदल्या शनिवारी कोणाच्याही अंगणात अर्धा तास जमा. ओला टॉवेल गुंडाळून 26 इंचांचा मासा करा आणि प्रत्येकाला तो दहा मोजायच्या आत जाळ्यातून उचलून, मोजून, परत ठेवायला लावा. पहिल्या खेपेला बहुतेकांना तीस-चाळीस सेकंद लागतात, चौथ्या-पाचव्या खेपेला जमतं. सहलीच्या निमंत्रणात आरोग्य खात्याचा सल्ला मराठीत, ठळक अक्षरांत छापा, आणि जेवणाचा मासा बाजारातून आणा म्हणजे नदीतल्या माशावर पंचवीस ताटांचा भार पडणार नाही. तारीख एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा मध्य, यातली ठरवा. मेअखेरची ठरलीच असेल तर काठ्या पर्चच्या न्या.

या पत्राच्या प्रती काढून वाटायला आमची हरकत नाही. मात्र वर दिलेली मापं आणि तारखा आयोगाच्या निर्णयाप्रमाणे बदलत असतात. छापण्याआधी दोन्ही राज्यांच्या मत्स्य विभागांच्या संकेतस्थळांवर त्या हंगामाचा आकडा पाहून घ्या आणि जाळ्याच्या दांडीवरची चिकटपट्टीही त्याप्रमाणे सरकवा.

आपले,
हडसनकाठी गरवणारे काही मराठी हौशी